कोकणचा चाफा, माळव्याचं पाणी

थंडी सरत आली की माझ्याकडे येणाऱ्या बागेच्या पत्रांचा सूर बदलतो. झाड पिवळं पडलंय, कोणतं खत घालू? या महिन्याच्या निम्म्याहून जास्त पत्रांत हाच प्रश्न आहे. म्हणून यावेळी सोनचाफ्याच्या एका पत्राला भरपूर जागा देते आहे, बाकीच्यांना थोडक्यात. ज्यांच्याकडे सोनचाफा नाही त्यांनीही पहिलं उत्तर वाचावं. अनंत, एक्झोरा, जास्वंद, लिंबू, सगळ्यांचं दुखणं बहुतेक तेच असतं.

ताई, दोन वर्षांपूर्वी कुडाळहून कलमी सोनचाफा आणला. गच्चीवर १४ इंची कुंडीत आहे. पहिल्या वर्षी छान फुलला, सासूबाई रोज एक फूल देवाला आणि एक अंबाड्यात घालायच्या. आता नवी पालवी पिवळीच येते, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांची टोकं करपतात. शेणखत घातलं, १९:१९:१९ दर आठवड्याला देते, एप्सम सॉल्टही दिलं. माती आमच्याच प्लॉटची, काळी. पाणी बोरिंगचं. झाड वाचेल का?
*सुदामा नगर, इंदूर*

वाचेल. पण आज सगळी खतं बंद करा. झाड उपाशी नाही, त्याला समोरचं ताट खाता येत नाहीये.

तुम्ही पानांचं वर्णन नीट लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सरसकट फिकी होतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच, फक्त शिरांच्या मधला भाग पिवळा होतो. ही दोन्ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की तिथेच राहतं, म्हणून लोह कमी पडलं की पहिली झळ कोवळ्या पानाला लागते. पिवळं पान, हिरव्या शिरा, तेही शेंड्याला. हे लोहाचंच. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, लोह नाही, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

आता गंमत अशी, की तुमच्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. माझं माहेर मालवणजवळचं. तिकडे जांभ्याची लाल माती, आणि पाऊस एवढा की मातीतला चुना धुऊन जातो. माती आंबट राहते, सामू (पीएच, सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) साडेपाच-सहाच्या आसपास, आणि अशा मातीत लोह विरघळतं, मुळांना उचलता येतं. माळव्याची काळी माती चुनखडीची, सामू साडेसात ते साडेआठ. इथे लोह न विरघळणाऱ्या रूपात पडून राहतं. त्यात बोरिंगचं पाणी. त्यात विरघळलेला चुना तुम्ही रोज बादलीनं कुंडीत ओतताय. जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं लांब जाऊन काही शोधू तरी शकतात, कुंडीत ती सोय नाही. दोन वर्षांत १४ इंचांच्या कुंडीत चुन्याचा साठा झालेला असणार. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला आणि मातीच्या वर पांढरी पूड दिसते का बघा. जुन्या पानांची करपलेली टोकंही क्षारांचीच खूण आहे. आणि दर आठवड्याचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, याच क्रमानं) म्हणजे त्यावर आणखी क्षार.

तर आधी पाणी. नर्मदेचं नळाचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी झाडांसाठी दोन बादल्या भरून ठेवा, बोरिंगपेक्षा ते पुष्कळ बरं. एसीच्या नळीतून गळणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते सोनचाफ्याला आणि अनंताला ठेवा. पावसाळ्यात पत्र्याखाली टाकी ठेवता आली तर त्याहून उत्तम काही नाही. दोन पाणी मात्र चुकूनही घालू नका. एक, आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं. ‘वाया का घालवायचं’ म्हणून खूप घरांत ते झाडांना जातं, पण आपल्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. दुसरं, कूलरच्या टाकीत उरलेलं. कूलर पाणी उडवतो, क्षार टाकीत राहतात. मे महिन्यात ते पाणी चाखून बघितलंत तर कळेल.

बोरिंगशिवाय पर्यायच नसेल तर १० लिटरच्या बादलीत दोन-तीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून घाला. पाण्यातल्या चुन्याचा जोर त्यानं बराच मोडतो. व्हिनेगर, ताक, लिंबाची साल यांनी मातीचा सामू कायमचा बदलत नाही, चार दिवसांत पहिल्यासारखा होतो. गंधक घालावं असंही लोक सांगतात. पण चुनखडीच्या मातीत आधी सगळा चुना विरायला हवा, मग सामू उतरणार. त्यापेक्षा मातीच बदला.

माती बदलायची ती आत्ता नाही, फांद्यांवरचे डोळे (नव्या फुटीचे कोंब) फुगू लागले की, म्हणजे मार्च लागता लागता. तेव्हा १८ इंची कुंडी घ्या. मिश्रणात एक भाग लाल माती मिळाली तर, एक भाग कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग धुतलेली जाड वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढूनच वापरा, त्यात मूळचे क्षार असतात. काळी माती मूठभरही नको. मुळांभोवतीची जुनी माती हलक्या हातानं जेवढी सुटेल तेवढीच काढा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या.

मग लोह. दुकानात ‘चिलेटेड आयर्न’ मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीए (लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं द्रव्य) असलेली पिवळसर पूड देतात. आपल्या मातीत ती टिकत नाही, सामू सातच्या वर गेला की तिच्यातलं लोह सुटून पुन्हा अडकतं. ईडीडीएचए (तसंच, पण आपल्या मातीत टिकणारं द्रव्य) असं लिहिलेलं पाकीट मागा. त्याची पूड गडद तांबडी-तपकिरी असते, पाणी लालभडक होतं. महाग आहे, पण लागतं थोडंच. लिटरला एक ग्रॅम, पाकिटावरचं प्रमाण कमी असेल तर तेवढंच, ओल्या मातीत ओता. महिन्यानं पुन्हा एकदा. नवी पानं हिरवी येतील. जुनी पिवळी पानं पुरती सुधारतीलच असं नाही, त्याची चिंता करू नका.

एवढ्या बारकाईनं लिहिण्याचं कारण आहे. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा माहेरून आणलेला पहिला सोनचाफा माझ्या हातून गेला. तीही अशीच पिवळी पानं होती. डिसेंबर होता. कुणीतरी सांगितलं म्हणून मोहरीची पेंड भिजवून ते पाणी घातलं, आठवड्यानं पुन्हा घातलं. संक्रांतीपर्यंत झाड वाळलं. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, लिबलिबीत, वास येणारी. इथल्या जानेवारीच्या रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. कोकणातल्या झाडाची मुळं अशा थंडीत जवळजवळ झोपलेली असतात. त्यांना दिलेलं खत मातीत सडतं आणि मुळांना सोबत घेऊन जातं. आईनं विचारलं तेव्हा मी तिला खरं सांगू शकले नाही, ते अजून टोचतं.

तेव्हापासून मी गच्चीवरच्या सगळ्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना वर्षाचं पहिलं खत रंगपंचमीच्या सुमारास देते आणि शेवटचं कोजागिरीला. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून आलं की संध्याकाळी खताची पाटी काढायची, हे घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्याच्या झळांत हात आखडता घेते, कारण तापलेल्या कुंडीत खत मुळं भाजतं. कोजागिरी ते रंगपंचमी फक्त पाणी, तेही बेतानं आणि सकाळी. कुंड्या गच्चीच्या गार फरशीवर न ठेवता विटांवर, आणि कडाक्याच्या रात्री वर जुनं लुगडं.

ऑफिसमध्ये भेट मिळालेलं अँथुरियम घरी बाल्कनीत ठेवलं आहे. फुलं थांबली म्हणून महिन्यापूर्वी मूठभर डीएपी मातीत मिसळलं. आता पानांच्या कडा तपकिरी होऊन आत सरकताहेत. काय करावं?
*विजय नगर, इंदूर*

हे वाचताक्षणी कुंडी पाणी वाहून जाईल अशा जागी घ्या. डीएपीचे दाणे दिसतील तेवढे वेचा, आणि कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश वरून सोडून खालून वाहू द्या. दोन दिवसांनी पुन्हा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) शेतासाठी आहे. त्याचा दाणा विरघळताना भोवताली अमोनिया सुटतो, आणि कुंडीत मूळ त्याला चिकटूनच असतं.

अँथुरियम मूळचं कोलंबिया-इक्वाडोरच्या दमट जंगलातलं, बऱ्याचदा झाडांच्या खोडांवर वाढणारं. त्याच्या मुळांना मातीपेक्षा हवा हवी. नर्सरीतून येतं ते पुष्कळदा चिकट मातीत कोंबलेलं असतं. मार्चमध्ये ती सगळी काढा. नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे बारीक तुकडे यांत लावा, वर मूठभर शेवाळ. खत द्यायचं तर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, १५ दिवसांनी एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची. बहुधा तुमची फुलं थांबली ती थंडीनं. पारा १५च्या खाली गेला की ते रुसतं. एप्रिलपासून बाल्कनीत कोरडी झळ येईल तेव्हा आत, पूर्वेच्या खिडकीशी ठेवा. परातीत खडी आणि पाणी, त्यावर कुंडी, तळ पाण्यात बुडता कामा नये.

जास्वंदीला कळ्या खूप येतात पण उमलण्याआधी गळतात. माझे वय ७४. रोज गणपतीला पाच फुले वाहण्याचा नेम आहे, विकत आणावी लागतात. हाडांचा चुरा घालते. आपण उपाय सांगावा.
*रामबाग, इंदूर*

आजी, नमस्कार. उद्या सकाळी गळलेल्या दोन-चार कळ्या नखानं उघडून बघा, किंवा नातवंडांना बघायला सांगा. आत बारीक पांढरट-पिवळसर अळ्या वळवळताना दिसल्या तर दोष खताचा नाही. गळलेली प्रत्येक कळी रोजच्या रोज वेचून पिशवीत बांधून फेकायची. कुंडीत पडू द्यायची नाही आणि खतातही टाकायची नाही, कारण अळी मातीत शिरून माशी होऊन पुन्हा वर येते. तीन-चार आठवडे हे नेमानं केलं तर चक्र तुटतं.

कळी आतून स्वच्छ असेल तर देठाशी आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही आहे का ते बघा. तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग असली की तो आहेच असं समजा, त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा.

हाडांचा चुरा आता नको. त्यातलं स्फुरद आपल्या चुन्याच्या मातीत विरघळतच नाही, आणि जास्वंदीला स्फुरद फार लागतही नाही. जास्त झालं तर उलट लोह अडवतं. तिला पालाश आवडतं. रंगपंचमीनंतर १३:०:४५ लिटरला एक ग्रॅम, १५ दिवसांनी. महाशिवरात्रीच्या आसपास फांद्या तिसरा हिस्सा छाटून घ्या, फुलं नव्या फुटीवर येतात. कुंडीला सहा तास ऊन आणि उन्हाळ्यात रोज पाणी. एक दिवस माती वाळली तरी कळ्या टाकते, एवढी ती हळवी आहे.

केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाची पत्ती, तांदळाचं धुवण, यांतलं काय घालावं? मोबाइलवर रोज नवं काहीतरी येतं.
*महू*

सगळंच कुजवून. थेट काहीच नको.

अंड्याचं टरफल म्हणजे चुना, तो आपल्याकडे आधीच उदंड आहे. चहापत्ती साखरेची असेल तर मुंग्या आणि बुरशी. केळीच्या सालीत पालाश असतं, पण तीन दिवस भिजवलेल्या पाण्यात उतरतं थोडं आणि चिलटं फार. आणि आता होळी येते आहे म्हणून सांगते, होळीची राख चाफा, अनंत, एक्झोरा यांच्या कुंडीत घालू नका. ती अल्कधर्मी असते. घालायचीच तर चिमूटभर कंपोस्टच्या ढिगात.

कंपोस्टबद्दल मात्र मी थोडी लांबते. आपण इंदूरचे लोक आहोत आणि हे आपल्या गावचं काम आहे. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी माळव्यातल्या शेतकऱ्याचं रोजचं काम बघून, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथवून, साधारण तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावानं त्यावर पुस्तक निघालं. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. कृषी महाविद्यालयाच्या कुंपणाजवळून रोज जाणाऱ्या कितीतरी मराठी घरांत हे माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. वाडांचं नाव तर कुणी घेतच नाही.

गच्चीवर त्याचंच धाकटं रूप करता येतं. भोकं पाडलेली दोन मोठी मडकी घ्या. एक वाटी ओला कचरा की वर दोन वाट्या सुका पाला, त्यावर मूठभर जुनं खत किंवा शेण. आठवड्यातून एकदा काठीनं खालवर करायचं. ओल एवढीच, की मुठीत दाबलं तर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही. वास आला तर पाला कमी पडला. एक मडकं भरलं की ते झाकून दुसरं सुरू. उन्हाळ्यात अडीच-तीन महिने लागतात, थंडीत जास्त. जंगलातून आलेल्या झाडांना असलंच खत हवं असतं, कारण जंगलाची जमीन पानं कुजूनच झालेली आहे. कुंडीच्या वरच्या दोन इंचांत वर्षातून दोनदा मिसळलं की माझ्या निम्म्या झाडांना दुसरं काही लागत नाही.

अडेनियमचा बुंधा दाबला की मऊ लागतो, पानं सगळी गळली. मेलं का?
*देवास*

पानं गळली ते ठीक, थंडीत ते झोपतं. बुंधा मऊ म्हणजे सड. उपटा, धारदार सुरीनं सडका भाग पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत कापा, कापलेल्या जागी गंधकाची पूड लावून आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या. मग जाड वाळू-विटकरीच्या मिश्रणात लावा आणि पहिला आठवडा पाणी नको. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पाणी अगदी थोडं, खत शून्य.

मी दहावीत आहे. आमच्या गच्चीवर केळ लावता येईल का? आई म्हणते होणार नाही.
*लोकमान्य नगर, इंदूर*

होईल रे. मात्र आईला आधी विचार, गच्ची ओल्या मातीनं भरलेल्या ड्रमचं वजन पेलेल का. ड्रम गच्चीवर अशा जागी ठेवायचा, जिथे बरोबर खाली घराची भिंत किंवा तुळई येते. २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा काप, आधी त्यात काय भरलं होतं ते विचारून घे. तळाला आणि बाजूला बोटाएवढी दहा-बारा भोकं. ठेंगणी जात माग. कंद लावायचा तो जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, बोर्डाची परीक्षा तोवर होऊन गेलेली असेल.

केळ खादाड आहे. इतर झाडांबद्दल वर जे जपून लिहिलं ते तिला तेवढं लागू नाही. दर महिन्याला दोन ओंजळी कंपोस्ट, एक ओंजळ निंबोळी पेंड, आणि चार महिन्यांची झाली की पंधरवड्यानं ०:०:५० लिटरला दोन ग्रॅम. बाजारात लाल पोटॅश स्वस्त मिळतं, ते ड्रमसाठी घेऊ नकोस, त्यातल्या क्लोराइडनं पानांच्या कडा जळतात. बाजूनं पिल्लं फुटतील. एक ठेव, बाकीची खालून काप. डिसेंबरात वाढ थांबेल, पानं फाटतील, पिवळी पडतील. तेव्हा घाबरून खत घालू नकोस, मला पत्र लिही.